दवाखान्यात लागलेल्या संसर्गाचं बिल रुग्णानं का भरायचं?

जावईबापू
सासरे, वय ७८. न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या नावाजलेल्या खाजगी रुग्णालयात ऑपरेशन केलं (नाव लिहीत नाही, प्रतिसादांतही कुणी अंदाज बांधू नका). ऑपरेशन झकास झालं, दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे राहिले. पॅकेज पाच दिवसांचं होतं. घरी सोडायच्या आदल्या रात्री हुडहुडी भरून ताप आला. लघवीच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी) क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला आणि पाठोपाठ तोच रक्तातही. मग आयसीयू, मेरोपेनेम हे तगडं अँटिबायोटिक, ते लागू पडेना म्हणून कोलिस्टिन, त्यानं क्रिएटिनिन चढलं म्हणून किडनीवाल्या डॉक्टरांची रोजची व्हिजिट. आता घरी आहेत, खडखडीत आहेत, नातवाला रागावतात.

तक्रार उपचारांबद्दल नाही. खुब्याचं बिल एकीकडे आणि त्यानंतरचं त्याच्या तिप्पट. काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, हे पॅकेजबाहेरचं आहे." विम्याची रक्कम संपली तशी कॅशलेसही संपली.

मी मांडतो ते असं. रुग्ण आला तेव्हा संसर्ग नव्हता, तो दाखल झाल्यावर ४८ तासांनंतर उद्भवला, तर ढोबळ व्याख्येनं तो रुग्णालयातला संसर्ग. मग त्याचा खर्च रुग्णालयानं सोसावा. गाडी ब्रेकच्या कामाला दिली आणि गॅरेजवाल्यानं काच फोडली, तर काचेचे पैसे आपण देतो का? ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. अमेरिकेत मेडिकेअरनं (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) १ ऑक्टोबर २००८ पासून कॅथेटरमुळे, म्हणजे लघवीच्या नळीमुळे झालेला लघवीचा संसर्ग, शिरेतल्या लाइनचा (शिरेत घातलेल्या नळीचा) संसर्ग आणि बायपासनंतर छातीत होणारा संसर्ग यांचे जादा पैसे रुग्णालयांना देणं बंद केलं. आपल्याकडे का नको?

अतिदक्ष
सासरे बरे आहेत हे वाचून आनंद झाला. आता असहमती. मी आयसीयूत काम करतो, त्यामुळे माझा पक्ष कोणता ते आधीच सांगून टाकतो.

गाडीच्या पोटात जंतू नसतात. माणसाच्या असतात. क्लेब्सिएला आपल्या आतड्यात मुक्कामाला असतो. ७८ वर्षांचा माणूस, हाड मोडलेलं, अंथरुणाला खिळलेला, प्रोस्टेट बहुधा वाढलेलं, लघवी तुंबू नये म्हणून नळी घातलेली. सगळं नियमानं केलं तरी अशांतल्या काहींना संसर्ग होतोच. २०११ मधला एक अमेरिकी अंदाज असा की लाइनचे आणि कॅथेटरचे ६५ ते ७० टक्के संसर्ग टाळता येतात, व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया आणि जखमेचा संसर्ग साधारण ५५ टक्के. उरलेले कुणाच्या नावावर मांडणार?

आणि मेडिकेअरचं अर्धंच सांगितलंत. त्या निर्णयाचा परिणाम काय झाला हे ३९८ रुग्णालयांच्या आकड्यांवरून तपासलं गेलं, २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं. निष्कर्ष: पैसे बंद केल्यामुळे लाइनच्या किंवा कॅथेटरच्या संसर्गात मोजण्याजोगा फरक पडला नाही. दर आधीपासून उतरत होते, तसेच उतरत राहिले.

आपल्याकडे हा नियम आणला तर काय होईल ते मी आजच लिहून देतो. कल्चर पाठवणंच बंद होईल. पाठवलंच नाही तर जंतू सापडणार नाही, आणि जंतू नाही तर संसर्गही नाही. तुमच्या सासऱ्यांसारखा रुग्ण आला की "आमच्याकडे बेड नाही" हे उत्तर मिळेल.

जावईबापू
डॉक्टर, "६५ ते ७० टक्के टाळता येतात" हे तुम्हीच लिहिलंत. मग निदान तेवढा हिस्सा तरी रुग्णालयानं उचलावा. सध्या शंभर टक्के आमच्याच गळ्यात आहे.

उगाच काहीतरी
+१. आणि "जंतू तुमच्याच पोटातला" हे उत्तर भारी आहे. पोट आमचं, बिल आमचं, फक्त कॅथेटर त्यांचं.

पांढरी टोपी
मी नर्स. सरकारीत बरीच वर्षं काढली, शेवटची काही संसर्ग नियंत्रणाच्या कामात, आता निवृत्त. अतिदक्ष सरांचं एक बरोबर आहे, क्लेब्सिएला पोटात असतो. पण घरून आलेल्या माणसाच्या पोटातला बहुतेक वेळा साध्या औषधाला दाद देतो. मेरोपेनेमला न बधणारा जंतू खुब्याच्या पेशंटला चार-पाच दिवसांत होतो, तेव्हा तो पुष्कळदा शेजारच्या खाटेवरून आलेला असतो. आणि जंतूला पाय नसतात. त्याला कुणीतरी हातावर घेऊन येतं.

कसं ते सांगते. पहाटे सहाची वेळ, रात्रपाळी संपत आलेली. इनपुट-आउटपुट लिहायचं असतं म्हणून सगळ्या युरोबॅग (लघवीच्या पिशव्या) रिकाम्या करायच्या. मावशी किंवा वॉर्डबॉय एक प्लास्टिकचा जग घेऊन निघतो. पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत तोच जग आणि हातात तेच ग्लोव्ह्ज. बॅगेच्या खालच्या नळीचं टोक जगाच्या काठाला टेकतं, मग पुढच्या बॅगेचं टेकतं, मग त्याच्या पुढच्या. मावशीला विचारलं तर म्हणणार, "ग्लोव्हज घातलेत की ओ सिस्टर." ग्लोव्ह्ज घातल्यावर हात स्वच्छ आहेत असं वाटायला लागतं, हा मोठा घोटाळा. दोन पेशंटच्या मध्ये ग्लोव्ह्ज काढून हात चोळायचे असतात, नवे घालायचे असतात, आणि जग प्रत्येकाचा वेगळा.

मी याबद्दल आरडाओरडा केला तेव्हा मला जग मिळाले. पण फक्त अर्ध्या वॉर्डाला पुरतील एवढे.

बिल कुणी भरायचं यावर माझं मत नंतर. आधी हे ठरवा की त्या मावशीला कुणी शिकवलं होतं का.

अतिदक्ष
सिस्टर, त्या प्लास्टिकच्या जगाचं अगदी खरं. माझा एक प्रश्न जावईबापूंना: लघवीचा नमुना कुठून घेतला होता? नळीवरच्या पोर्टमधून सुईनं, की बॅगेतून? बॅगेतल्या लघवीत काहीही वाढतं. नळी काही दिवस आत राहिली की जंतू तसेही दिसू लागतात, त्याला संसर्ग म्हणत नाहीत. तुमच्या केसमध्ये रक्तातही तोच निघाला, तेव्हा वाद नाही. पण शेकडो लोकांच्या फाइलवर संसर्ग नसताना संसर्ग लिहिलेला असतो आणि त्यावर महागडं अँटिबायोटिक चालू असतं. उद्या पैशाचा हिशेब त्या फाइलवरून करणार आहात.

वॉर्ड नंबर नऊ
माझा अनुभव सरकारी रुग्णालयातला, आईबरोबर राहिले होते. तिथं बिलाचा प्रश्नच नव्हता, पण संसर्ग झाला.

पन्नास-साठ पेशंटमागे दोन सिस्टर. बॅग रिकामी करायची, कूस बदलायची, बेडपॅन द्यायचं, नाकातल्या नळीतून पेज द्यायची, हे सगळं नातेवाईक करतात. मला युरोबॅग कशी रिकामी करायची ते शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या सुनेनं शिकवलं. तिला तिच्या आधीच्या कुणीतरी. अशी विद्या चालत आलेली.

एकदा आईला एक्स-रेला न्यायचं होतं. वॉर्डमामांनी स्ट्रेचरवर घेतलं आणि लघवीची बॅग उचलून सरळ तिच्या पोटावर ठेवली. सांभाळून, पडू नये म्हणून. मीही ती एका हातानं धरून चालत गेले. बॅगेतली लघवी नळीतून उलटी आत जाते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढं ताप आला तेव्हा एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं विचारलं, बॅग कधी कमरेच्या वर गेली होती का. तेव्हा कळलं.

खाजगीत खर्च कुणी सोसायचा यावर भांडा, पण सरकारीत भरपाई मागणार कुणाकडे?

पांढरी टोपी
ताई, बॅग पोटावर ठेवणं हे मी इतक्यांदा पाहिलंय की सांगता येणार नाही. बॅग कायम मूत्राशयाच्या खाली आणि तरीही जमिनीला न टेकता. हे दोन नियम स्ट्रेचर ढकलणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवेत. ट्रेनिंग मात्र डॉक्टर-नर्सना होतं, तेही पंचतारांकित हॉलमध्ये. मामा-मावशींना कोण बोलावतं?

तालुक्याचा डॉक्टर
मराठवाड्यात वीस खाटांचं छोटं रुग्णालय चालवतो. जावईबापू, तुम्हाला जे हवंय ते आमच्याकडे आधीच चालू आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पॅकेज ठरलेलं असतं. औषधं, तपासण्या, जेवण सगळं त्यात. जखम चिघळली, मुक्काम लांबला, तर तो खर्च आमच्याच अंगावर पडतो. मग होतं काय? मी खोटं बोलणार नाही. काही ठिकाणी टाके थोडे लाल दिसत असतानाच पेशंट घरी जातो. काही ठिकाणी "हे इंजेक्शन योजनेत नाही, बाहेरून आणा" अशी चिठ्ठी हातात पडते. पैशाचा धाक घालून हात धुतले जात नाहीत.

हात धुण्यासाठी बेसिनला पाणी लागतं. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो. अल्कोहोलचं हँडरब वापरावं म्हणता, बरोबर आहे, वापरतो. सिरिंज, कॅथेटर सगळं नवं. पण योजनेचे पैसे महिनोन् महिने येत नाहीत आणि त्यातूनच ऑटोक्लेव्हची (उपकरणं वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्राची) दुरुस्ती, इंडिकेटर टेप, माणसांचे पगार करायचे. तपासणीला आलेले लोक "फ्युमिगेशन रजिस्टर" मागतात. फॉर्मॅलिनची धुरी दिल्याची सही असली की खूश. ती धुरी आता कुणी शिफारस करत नाही, पण रजिस्टर मात्र लागतं! हात किती वेळा धुतले गेले हे आजवर कुणीही विचारलेलं नाही.

उगाच काहीतरी
डॉक्टरसाहेब, पाण्याचं समजू शकतो. पण पंचतारांकित रुग्णालयात पाणी आहे, हँडरब आहे, प्रत्येक खाटेशी बाटली टांगलेली आहे. तरी का होतं? माझ्या मते उत्तर १८४७ मध्येच मिळालंय. व्हिएन्नाच्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन वॉर्ड होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतज्वरानं कितीतरी जास्त बायका मरायच्या, कारण मंडळी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला यायची. सेमेलवाइसनं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि मृत्यू धडाधड खाली आले. त्याला बक्षीस काय मिळालं? सहकाऱ्यांनी हेटाळणी केली, शेवटी १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात मेला. मोठ्या डॉक्टरांना "हात धुतले का" असं विचारायचं नसतं, ही प्रथा तेव्हापासूनची.

आयुर्वेदप्रेमी
आपल्या पूर्वजांनी धूपन सांगितलं होतं. कडुनिंब, गुग्गुळ, हळद. वॉर्डात रोज संध्याकाळी धूप घातला तर हे सगळं

पांढरी टोपी
ज्या वॉर्डात ऑक्सिजन चालू आहे तिथं निखारे नेऊ नका हो दादा.

अतिदक्ष
आयसीयूत अस्थम्याचे पेशंटही असतात. पुढे चला.

उगाच काहीतरी, टोमणा पोचला. मोठे कन्सल्टंट राउंडला येतात तेव्हा हात चोळण्यात नर्सपेक्षा मागे असतात, हे जगभरच्या पाहण्यांत दिसलेलं आहे, मी नाकारत नाही. पण आळस हे अर्धंच कारण. हिशेब करा. एका सिस्टरकडे २५ रुग्ण, प्रत्येकाला पाळीत फक्त चार वेळा हात लावला, दर वेळी हँडरब ३० सेकंद. ५० मिनिटं झाली. आणि चार वेळा हा आकडा मी हातचं राखून धरलाय. जागतिक आरोग्य संघटनेचे पाच प्रसंग मोजले (रुग्णाला हात लावण्याआधी, कुठलीही निर्जंतुक कृती करण्याआधी, रक्त-लघवीशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर) तर याच्या दुप्पट होईल. एवढा वेळ द्यायचा तर माणसं वाढवा. माणसं वाढवली की बिल वाढतं. मग परत हाच धागा निघेल, "बिल इतकं का?"

जावईबापू
आमच्या बिलात "नर्सिंग चार्जेस" रोजचे वेगळे होते, डॉक्टर. "इन्फेक्शन कंट्रोल चार्जेस" अशीही एक ओळ होती. म्हणजे संसर्ग न होण्याचे पैसे घेतले, मग झाल्याचेही घेतले.

उगाच काहीतरी
ही ओळ फ्रेम करून ठेवा.

वकिली बाणा
कायद्याची बाजू थोडक्यात. १९९५ च्या शांता खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. सर्वांना मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय त्यात येत नाही, म्हणून "वॉर्ड नंबर नऊ" ताईंचा प्रश्न रास्त आहे.

जावईबापूंना ग्राहक आयोगापुढे जाता येईल, पण जिंकणं अवघड. संसर्ग झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं आपोआप धरलं जात नाही. काय करायला हवं होतं आणि काय केलं नाही, हे तुम्हाला दाखवावं लागतं. ते दाखवणारी कागदपत्रं असतात रुग्णालयाकडेच. म्हणून सांगतो, संपूर्ण केस पेपर लेखी अर्ज देऊन मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत ते द्यावे लागतात. डिस्चार्ज समरी पुरत नाही, नर्सिंग नोट्स हव्यात. त्यात पाहा, कॅथेटर कधी घातलं, रोज "गरज आहे का" असं कुणी लिहिलंय का, आणि काढलं कधी.

माझं वैयक्तिक मत: खटल्यांच्या वाटेनं हे सुटणार नाही. खटला एका माणसाला पैसे देतो, तेही कित्येक वर्षांनी.

जावईबापू
केस पेपर आणले होते, विम्यासाठी. आत्ता परत काढून बघितले. कॅथेटर ऑपरेशनच्या दिवशी घातलंय. वॉकर धरून उभे राहिले त्या दिवशीही होतं. त्यानंतरच्या पानांवर रोज एकच शिक्का, "फोलीज केअर गिव्हन" (कॅथेटरची निगा घेतली). का ठेवलंय ते कुठंच नाही.

पांढरी टोपी
माणूस उभा राहतोय, संडासापर्यंत वॉकरनं जातोय, आणि नळी तशीच. हेच नेहमीचं दुखणं. नळी आत असण्याच्या प्रत्येक दिवसामागे लघवीत जंतू येण्याची शक्यता ३ ते ७ टक्के वाढते. ती राहते कारण तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. अमेरिकेत २००० मध्ये आलेल्या एका पाहणीत आपल्या पेशंटला कॅथेटर आहे हेच २८ टक्के वेळा डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. तिकडे ही गत, तर इथं काय बोलायचं. सिस्टरला आपल्या अधिकारात नळी काढायची मुभा द्या, असं मी कितीदा मीटिंगमध्ये मांडलं. "सर्जनना विचारून" असं उत्तर यायचं. सर्जन संध्याकाळी यायचे, पाच मिनिटांत राउंड उरकायचे, ड्रेसिंग बघायचे आणि जायचे. पांघरुणाखाली कोण बघतं?

अतिदक्ष
यावर मी वाद घालणार नाही. उभ्या राहणाऱ्या माणसाला कॅथेटर ठेवण्याचं कारण लिहिलेलं नसेल, तर तो टाळता येण्याजोगाच संसर्ग म्हणावा लागेल. प्रोस्टेटमुळे ठेवलंय असंही असू शकतं, पण मग तसं लिहायला हवं होतं.

जावईबापू
मग या एका संसर्गाचं बिल तरी रुग्णालयाचं की नाही? सरळ हो-नाही सांगा.

अतिदक्ष
एक केस समोर ठेवून विचारलंत तर हो, त्यांनी तुमच्याशी बसून बिल कमी करायला हवं. नियम म्हणून विचारलंत तर नाही. कारण हा नियम आला की पहिल्या आठवड्यात सगळ्या फाइलींवर कॅथेटरचं कारण लिहिलेलं दिसेल. शिक्काच बनवून घेतील.

लेस्टरकर
इंग्लंडमध्ये रुग्णालयात फार्मसिस्ट आहे, म्हणून इकडचं सांगते. पैशाच्या वादात एक तिसरी वाट राहून जातेय. इथं २००१ पासून एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिकना न बधणारा एक जंतू) रक्तात सापडला की कळवणं सक्तीचं झालं आणि आकडे रुग्णालयाच्या नावानिशी जाहीर व्हायला लागले. २००४ मध्ये सरकारनं सांगितलं, २००८ पर्यंत निम्मे करा. झाले, निम्म्याहूनही कमी झाले. कोपराखाली काही नाही, म्हणजे घड्याळ, अंगठ्या, लांब बाह्या बंद, हाही नियम त्याच सुमाराचा. माझ्या मंगळसूत्राला कुणी हरकत घेतली नाही, बांगड्या मात्र लॉकरमध्ये.

मुद्दा हा की रुग्णाला पैसे मिळाले म्हणून हे घडलं नाही. आकडा नावासकट छापून येतो आणि वरिष्ठांना त्याचं उत्तर द्यावं लागतं, म्हणून घडलं. महाराष्ट्रात एखाद्या रुग्णालयाचा लाइन संसर्गाचा दर किती, हे तुम्हाला कुठं वाचता येतं का?

तालुक्याचा डॉक्टर
लेस्टरकर ताई, तुमच्याकडे प्रत्येक रुग्णालयाला प्रयोगशाळा आहे. माझ्याकडून कल्चर जिल्ह्याच्या गावी जातं, रिपोर्ट यायला तीन-चार दिवस. आकडे छापायचे ठरले तर जो तपासतो तो बदनाम, आणि जो तपासतच नाही त्याचा दर शून्य. लोक शून्यवाल्याकडे जातील.

लेस्टरकर
म्हणूनच सुरुवात मोठ्यांपासून करा. ज्यांच्याकडे स्वतःची मायक्रोबायॉलॉजी लॅब आहे, ज्यांच्या जाहिराती हमरस्त्यावर लागतात, त्यांना आधी. दरासोबत त्यांनी किती कल्चर पाठवले तेही छापायला लावा. रुग्णांच्या मुक्कामाच्या हजार दिवसांमागे चारच कल्चर पाठवून शून्य दर सांगणारा लगेच उघडा पडेल.

अतिदक्ष
हे मला पटतं. कल्चरचा आकडा सोबत असेल तर पळवाट बरीचशी बंद होते. बदल घडतो याचा माझ्या विषयातला दाखला द्यायचा तर मिशिगनचा. शंभराहून जास्त आयसीयूंनी लाइन घालताना पाचच गोष्टी पाळायच्या ठरवल्या: हात धुणं, रुग्णाला पूर्ण निर्जंतुक चादर, क्लोरहेक्सिडीननं त्वचा पुसणं, जांघेतली शीर शक्यतो टाळणं, गरज संपली की लाइन काढणं. लाइन असलेल्या दर हजार दिवसांमागे संसर्गाचा मध्यक २.७ होता, तीन महिन्यांत तो शून्यावर आला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालंय. नवं औषध नाही की यंत्र नाही.

पांढरी टोपी
सर, त्यातली सहावी गोष्ट तुम्ही गाळलीत. पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार तिथं नर्सला दिला होता, आणि तिच्या मागे वरचे लोक उभे होते. आपल्याकडे सर्जनला "सर, थांबा, चादर छोटी आहे" असं म्हणणारी सिस्टर दाखवा. म्हणेल ती दुसऱ्या दिवशी कॅज्युअल्टीत बदली होऊन जाईल.

आता बिलाबद्दल माझं मत, मघाशी राहिलं होतं ते. मी जावईबापूंच्या बाजूची आहे, पण थोडी वेगळी. नुकसान मालकाच्या खिशाला लागावं, हे खरं. आज संसर्ग झाला की खाजगी रुग्णालयाची कमाई वाढते, आयसीयूचे दिवस वाढतात, औषधांची विक्री वाढते. कुणी मुद्दाम करत नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण जग नवे आणायचे म्हटलं की पैसे नसतात, याचं कारण तेच. न आणण्यानं कुणाचं काही जात नाही.

तालुक्याचा डॉक्टर
सिस्टर, माझं जातं. वर लिहिलंय. मी जगही आणले आहेत.

पांढरी टोपी
तुमच्याबद्दल नाही हो डॉक्टर. तुमच्याकडे योजनेचे पैसे वेळेवर आले पाहिजेत, हे वेगळं भांडण आहे आणि त्यात मी तुमच्या बाजूनं.

गुडघेदुखी
वाद छान रंगलाय पण माझी आई पुढच्या महिन्यात गुडघा बदलायला जातेय आणि आता माझीच झोप उडाली. आम्ही आमच्या हातानं काय करू शकतो ते कुणी सांगेल का? नाहीतर ऑपरेशनच रद्द करावं म्हणतेय.

पांढरी टोपी
रद्द करू नका. साखर असेल तर आधी ताब्यात आणा, जखम चिघळण्यात साखरेचा वाटा मोठा असतो. कुठं गळू, दाताला पू, पायाला भेग असेल तर आधीच सांगा. घरी रेझरनं पाय भादरू नका, बारीक ओरखडे पडतात आणि त्यात जंतू बसतात. केस काढायचेच असतील तर रुग्णालयात क्लिपरनं, त्याच दिवशी. चीर देण्याआधी साधारण तासाभरात अँटिबायोटिक दिलं जातं, ते दिलंत ना एवढं विचारा. कॅथेटर घातलं तर कधी काढणार, हे रोज सकाळी विचारा. हाताला लावलेली सलाइनची सुई लाल झाली, दुखायला लागली तर रात्री दोनलाही सिस्टरला उठवा.

आणि भेटायला येणाऱ्यांना घरीच थांबवा. वाकून पाया पडणारे, खाटेवर बसणारे, आणलेला शिरा चमच्यानं भरवणारे, सगळ्यांना. एकच माणूस सोबत ठेवा आणि त्याला हँडरबची सवय लावा.

गुडघेदुखी
रोज विचारलं तर सर्जन चिडणार नाहीत का?

अतिदक्ष
चिडले तर चिडू देत, पण बहुतेक नाही चिडणार. सिस्टरच्या यादीत दोन भर घालतो. ऑपरेशननंतर तोंडी अँटिबायोटिक आठ-दहा दिवस लिहून दिलं तर कशासाठी, ते विचारा. जखम कोरडी असेल तर सहसा लागत नाही. आणि घरी आल्यावर टाक्यांतून पाणी आलं, गुडघा गरम झाला, तर गल्लीतल्या मेडिकलमधून गोळ्या आणून खाऊ घालू नका. गोळी पोटात गेली की कल्चरमध्ये जंतू सापडत नाही आणि मग आम्ही अंधारात औषधं देत बसतो. सरळ सर्जनकडे न्या, त्याच दिवशी. सांधा बसवल्यावर ९० दिवसांपर्यंत झालेला खोल संसर्ग ऑपरेशनशी जोडूनच मोजतात, तेव्हा महिन्यानंतर सुरू झालं तरी "आता काय संबंध" असं म्हणून घरी बसू नका.